दर्यावीराच्या हातातलं वल्हं

१

गुरुदत्त सामंतांच्या भिंतीवर एक खिळा होता, आणि त्या खिळ्याला काहीच टांगलेलं नव्हतं. म्हातारा मला तो खिळा असा दाखवत होता, की जणू तिथं प्रेत पडलंय.

"इथं होता तो. कालच पेटीतून काढून टांगला. काल जेवायला बसायच्या आधी होता. जेवून उठलो तर नाही."

मी मंजुळा शेजवळ. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करण्यात माझं आयुष्य गेलं. जळालेली गोदामं, भिजलेला माल आणि कधी घरात नव्हतेच असे चोरीला गेलेले दागिने मी पाहिले आहेत. आता बाळकुमच्या एका उंच इमारतीत एकटी राहते. खरं सांगायचं तर हल्ली माझ्याशी खोटं बोलायलासुद्धा कोणी येत नाही. त्यामुळे शेजारची सान्वी रडवेली होऊन दारात आली, "मावशी, माझ्या मामाआजोबांकडे चोरी झालीये, प्लीज चल ना," म्हणाली, तेव्हा मी काय चोरीला गेलंय हेही न विचारता पर्स उचलली. डोंबिवलीला पोचल्यावर कळलं, की गेलंय ते खेळणं.

"खेळणं नाही," सामंत म्हणाले. "पाकीट."

त्यांनी समजावून सांगितलं, तेही चहाबिहा न विचारता. ठाण्याच्या एका कारखान्यात, जो बंद पडून जमाना झाला, ते चित्रकार होते. कारखाना वीरांच्या बाहुल्या काढायचा, बोटभर उंचीच्या. प्रत्येक वीर एका रंगीत पुठ्ठ्याच्या कार्डावर प्लास्टिकच्या पारदर्शक फुग्यात बसवलेला असायचा. कार्डावरचं चित्र सामंतांचं.

"बाहुली म्हणजे काय हो, निळं प्लास्टिक. हात वर-खाली होतात, संपलं. वादळ, बोट, फेसाळलेला दर्या हे सगळं कार्डावर. मूल विकत घ्यायचं ते माझं चित्र आणि खेळायचं त्या प्लास्टिकशी. फुगा फोडला की कार्ड केरात." ते रिकाम्या खिळ्याकडे वळले. "दर्यावीराचं न फोडलेलं हे एकच पाकीट उरलं होतं. दुसरं कोणाकडे असल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही."

नवरात्र बसल्यावर ठाण्याच्या एका हॉलमध्ये जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन होतं. मधल्या काचेच्या पेटीत हे पाकीट आणि खाली सामंतांचं नाव, असं ठरलं होतं. कारखान्यानं त्यांचं नाव कधीच कुठं छापलं नव्हतं.

"सही नाही केलीत कधी?"

"केली ना, चोरून! बाहुलीच्या पाठीमागे येईल अशा जागी, म्हणजे साहेबाला दिसू नये. फुगा फोडल्याशिवाय ती दिसत नाही. आणि ज्यांनी फोडला त्यांनी कार्ड फेकून दिलं. म्हणजे माझी सही ज्यांच्या ज्यांच्या हातात पडली त्यांनी ती कचऱ्यात टाकली."

हे ते हसत बोलले. मला हसू आलं नाही.

टेबलावर त्यांनी दर्यावीरासाठी देखावा केला होता. गोंदाचे थर देऊन केलेलं पाणी, औषधाच्या बाटलीचा दीपस्तंभ, कांद्याच्या पिशवीची मासेमारीची जाळी. मी उभ्यानेच बघायला लागले तर खेकसले, "खाली वाका! देखावा वरून बघायचा नसतो. डोळा पाण्याला टेकवा." वाकले, आणि क्षणभर खरंच समुद्रात होते. मधली बोट रिकामी होती.

सान्वी जुन्या खेळण्यांचे व्हिडिओ करते. तिनं मोबाईलवर पाकिटाचा फोटो दाखवला. उसळत्या लाटेवर बोट, बोटीत वल्हं धरलेला रुंद छातीचा तरुण, डाव्या भुवईत एक खाच. चेहरा फार जिवंत होता.

"कोण हा?"

"कोणी नाही," सामंत म्हणाले. "मनातनं काढलेला. चित्र उत्तम साधलं, फक्त ते वल्हं बघा. मी जन्माने मालवणचा. असं कसं काढलं, माझं मला कळत नाही. असं धरलं तर बोट जागची हलायची नाही."

तेवढ्यात दारात एक बाई आली. साधं पातळ, कपाळ मोकळं. "भावोजी, तुमचा डबा." समोरच्या खोलीतल्या शांताबाई निकम. आदल्या दिवशी उरलेला ढोकळा सामंतांनी त्यांना दिला होता. डबा ओट्यावर ठेवून त्या पटकन निघाल्या. सामंतांनी डबा उघडला, त्यातला खडीसाखरेचा एक खडा तोंडात टाकला, एक मला दिला. चहा नाही तर नाही, मी तो चघळत बसले.

"काल घरात कोण कोण होतं?"

"महेंद्र आणि उत्तम, दोघंही या जुन्या खेळण्यांच्या नादातले. ही सान्वी. आणि वाढायला शांतावहिनी. या चौघांतल्याच कोणीतरी नेलं."

"पाचांतल्या," मी म्हटलं. "तुम्हीही होतात."

२

माझ्या धंद्यात पहिला संशय मालकावर. आणि इथं मालकाकडे कारण होतं. पाकीट न फोडता सही दिसणार नाही, आणि फोडलं तर जुनी खेळणी जमवणारी मंडळी हाय खाणार. चोरीचं नाटक करून फुगा काढला तर दोन्ही साधत होतं. मी हे सामंतांना तोंडावर सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. पण ते हळूच म्हणाले, "सुचलं होतं मला. कितीदा पेटीतून काढून हातात घेतलं. पण आत बसलेला तो एकटाच माझ्या वेळचा उरलाय. त्याला बाहेर काढायचा धीर झाला नाही."

खोटं बोलणारा माणूस स्वतःविरुद्ध इतका पुरावा देत नाही. मी त्यांना बाजूला ठेवलं.

महेंद्र राहायचा खोपटला, एसटी डेपोच्या मागे. प्रदर्शन तोच भरवणार होता. त्याच्या घरात माणसांपेक्षा पाकिटं जास्त. प्रत्येक पाकीट काचेआड, आणि काचेआड बारीक पांढऱ्या खड्यांच्या पुड्या.

"हे काय?"

"ओल धरू नये म्हणून, मॅडम. आपल्याकडची हवा बेकार. पुठ्ठा फुगतो." त्यानं एक काच बाहीनं पुसली. "मी त्यांना किती म्हटलेलं, मला द्या, मी सांभाळतो. नाही ऐकलं. आता कोणी फुगा फोडला असला तर संपलं सगळं. फोडलेलं पाकीट म्हणजे मेलेलं पाकीट."

"तुम्हीच नेलंत का?"

"नेऊन दाखवणार कुणाला?" तो म्हणाला. "सगळ्यांना माहितीये ते एकच आहे."

हे खरं होतं. तो उत्तमवर घसरला. "त्याला विचारा. टिटवाळ्याला बसून जुन्या कार्डांच्या नकला छापतो तो. त्याला कार्डच हवं असतं."

परत आल्यावर मी शांताबाईंकडे गेले. त्या दाराच्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, दार पाठीशी ओढून घेतलेलं. कोपऱ्यात फुलपुडी होती, पुडीतून झेंडूचा हार डोकावत होता.

"मी काय सांगणार ताई? वाढलं, भांडी घासली, घरी आले."

"किती वर्षं राहताय इथं?"

"लय वर्सं. आमचे मालक माण तालुक्यातले, दुष्काळातनं उठून आले. हितं आधी गटारं खणली, मग कारखान्यात लागले. तरुणपणीच गेले. मूलबाळ नाही." त्यांनी डोळे खाली घातले. "पितृपक्ष चाललाय. तिथी आहे त्यांची ह्या हप्त्यात."

मी अजून थोडा वेळ उभी राहिले. त्यांनी आत बोलावलं नाही, पाणीही विचारलं नाही. मी मनात म्हटलं, सामंतांच्या शेजारी राहून लागलेली सवय दिसतेय.

३

उत्तमच्या नव्या इमारतीचा रंगही अजून वाळला नव्हता. खोलीभर छपाईचं सामान. त्यानं मला खुर्ची दिली आणि लगेच हात वर केले.

"ताई, आपण नकली बनवतो आणि नकली म्हणूनच विकतो. गुरुदत्तकाकांनी मागच्या दिवाळीत स्वतः पाकीट देऊन मला दोन्ही बाजूंचे फोटो काढू दिलेले. हे बघा." कॉम्प्युटरवर दर्यावीर उभा राहिला. "मला कार्ड चोरून काय करायचंय? आपली बोंब होते ती फुग्याची. तसा साचा आता कोणी करत नाही. मी चोरला असता ना, तर फुगा चोरला असता."

पडद्यावर चित्र मोठं दिसत होतं. माझी नजर वल्ह्यावर गेली. एक हात दांड्याच्या टोकाला, दुसरा खाली, पाय फाकलेले, कंबर वाकवलेली. असं कोणीतरी काहीतरी धरताना मी हजारदा पाहिलंय, पण कुठं ते आठवेना.

मी विचार करत असतानाच सान्वीचा फोन आला. ती ओरडतच होती.

"मावशी, तो परत आलाय! दर्यावीर! दाराच्या कडीला पिशवी होती... पण कार्ड नाहीये! फक्त बाहुली आणि फुगा!"

४

सामंत पलंगावर बसले होते. बाहुली त्यांच्या तळहातावर. किती वर्षांनी ती उघड्या हवेत आली होती, आणि आता ती नुसतं निळं प्लास्टिक होती.

"हात लावा हवं तर," ते मला म्हणाले. "आता काय."

फुगा टेबलावर होता. कापलेला नव्हता, कडेला पुठ्ठ्याचे तंतू चिकटलेले. कोणीतरी वाफ देऊन हळुवार सोडवला असावा. आणि फुग्याच्या खळग्यात काही पांढरे खडे होते.

महेंद्रही धावत आला होता. खडे पाहून त्यानं कपाळावर हात मारला. "ओल शोषणारे खडे! बघा, या धंद्यातल्या माणसाचंच काम आहे. उत्तमच!"

"असले खडे तुझ्याच घरी आहेत रे, काका," सान्वी म्हणाली.

दोघांची जुंपली. सान्वीनं त्याला चोर म्हटलं, त्यानं तिला. व्हिडिओ चालावेत म्हणून तूच हा ड्रामा केलास, असंही तो म्हणाला. सामंत कोणाकडेच बघत नव्हते. त्यांच्या घरी इतकी माणसं एकदम आली होती आणि त्यांतलं एकही त्यांच्याशी बोलत नव्हतं. मला त्या माणसाची फार दया आली, आणि जरा स्वतःचीही.

मी फुगा उचलायला गेले आणि हात मागे घेतला. टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढत होती. दीपस्तंभाला वळसा घालून, गोंदाचा समुद्र ओलांडून, थेट फुग्यात.

"भांडण थांबवा," मी म्हटलं. "महेंद्र, तुमच्या घरच्या त्या खड्यांना कधी मुंग्या लागल्यात?"

मी एक खडा उचलला. चव घ्यायची गरज नव्हती, तरी घेतली. ही चव मी याच घरात चाखली होती.

५

मी समोरचं दार वाजवलं. "शांताबाई, आज मी आत येणार आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दार सोडलं.

छोटी, लखलखीत खोली. समोरच्या भिंतीवर नवी फ्रेम, तिला झेंडूचा हार. फ्रेममध्ये उसळता दर्या आणि वल्हं धरलेला तो तरुण. वरचं खेळण्याचं छापील नाव हाराच्या आड नेमकं झाकलेलं.

"कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही फुगा रिकामा परत केला नाहीत."

त्या खाली बसल्या. मी पण बसले, फरशीवरच, आणि सांगितलं. संग्रह करणाऱ्यानं फुगा फोडलाच नसता. नकला करणाऱ्यानं फुगा ठेवून घेतला असता. खेळणं परत करून नुसतं चित्र ठेवणाऱ्याला त्या चित्रातला चेहरा हवा होता. पण सामंत तर म्हणत होते, चेहरा मनातला. तिथं माझं अडलं होतं ते वल्ह्यानं सोडवलं. मालवणचा चित्रकार वल्हं मनातून काढेल तर बरोबर काढेल. ते चुकलं, कारण त्यानं समोर उभ्या केलेल्या माणसाचं बघून काढलं, आणि त्या माणसानं उभ्या जन्मात वल्हं धरलेलं नव्हतं.

"त्यानं फावडं धरलं होतं," मी म्हटलं. "तुमचे मालक गटारं खणायचे."

"विठ्ठल," त्या म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं आणि स्वतःच दचकल्या. मग बांध फुटला. "ते सांगायचे मला, कारखान्यात भावोजींनी बांबू देऊन उभं केलं, मी बोटीवर हाय, कागदावर छापून आलोय. मी हसायचे. म्हणायचे, विहिरीत उतरायला भ्यायचे तुम्ही आणि बोटीवर कसले! कधी बघितलंच नाही वो मी ते. ते गेले. मग तो मोठा पूर आला, तवा मी तळाला राहायचे, पेटी पाण्यात. लग्नाचा फोटो हातात घेतला तर नुसता चिकट कागद. तोंडच नाही त्याच्यावर. दरसाल तिथीला मी मोकळ्या भिंतीला हार घालते, ताई. त्यांचं तोंड मला आठवंना झालेलं. आणि त्या रविवारी वाढायला गेले, तर हे. भिंतीवर. भुवईवरची खाच पण तशीच."

"मागितलं का नाही?"

"म्हटलं ना त्यांना मी. वाढता वाढता म्हटलं, भावोजी, हे आमचे हायत. तर हसले. म्हणाले, वहिनी, हा कोणी नाही." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुमचं खेळणं होतं ते दिलं परत. माझा माणूस ठेवला. आता पोलीस बोलवायचे तर बोलवा."

मागे काहीतरी खरखरलं. दारात सामंत उभे होते, हातात बाहुली तशीच. कधीपासून उभे होते कोण जाणे. मी त्यांना रागावणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून सरकून वाट दिली.

ते फ्रेमजवळ गेले. फुगा निघाल्यामुळे कार्डाचा मधला भाग उघडा पडला होता, बाकीपेक्षा गडद, काल छापल्यासारखा. तिथं लाटेच्या पोटात बारीक अक्षरं होती. गुरुदत्त.

त्यांनी सहीकडे पाहिलं आणि पुढच्याच क्षणी नजर वर नेली. चेहऱ्याकडे.

"विठू," ते म्हणाले. "बांबू होता. मी म्हटलं, अरे, वल्हं असं नाही धरत. तो म्हणाला, साहेब, मला असंच जमतं. मी म्हटलं, असू दे, पोराटोरांना काय कळतंय." त्यांनी चष्मा काढला. "वहिनी, मी विसरलो हो. माझं नाव कोणी छापलं नाही म्हणून जन्मभर कुढलो, आणि ज्याचं तोंड छापलं त्याचं नाव मी विसरलो."

शांताबाई उठल्या आणि फ्रेमला हात घातला. "न्या भावोजी. तुमची सही हाय त्याच्यावर. तिथी झाली माझी."

सामंतांनी तो हात अडवला. "हार सुकलाय," ते म्हणाले. "बदला तो."

६

प्रदर्शनात मधल्या काचेच्या पेटीसमोर महेंद्र हतबल होऊन उभा होता. "काका, नक्कल? मधल्या पेटीत?"

"नक्कलच," सामंत म्हणाले. "आणि तसं लिहायचं."

उत्तमनं ती छापली होती, या वेळी फुग्याखालच्या जागेसकट, सहीसकट. खाली सामंतांच्या वळणदार अक्षरातली पाटी होती. 'दर्यावीर. चित्र: गुरुदत्त सामंत. चेहरा: विठ्ठल निकम. अस्सल कार्ड त्यांच्या घरी आहे.' लोक पाटी वाचायचे, पुन्हा चित्राकडे बघायचे. संग्रहवाले नाकं मुरडत होते. सामंत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. लोक त्यांचा हात हातात घेऊन बोलत होते, आणि ते प्रत्येकाला विठूची गोष्ट सांगत होते.

शांताबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. सान्वी स्कूटरवर मागे बसवून त्यांना घेऊन आली. देखाव्यासमोर आल्यावर त्यांना मी सांगितलं, उभ्यानं नाही, खाली वाका. त्या वाकल्या. डोळा पाण्याला टेकवला. बोट आता रिकामी नव्हती. निळा दर्यावीर तीत उभा होता, आणि सामंतांनी त्याच्या हातात काडीचं वल्हं दिलं होतं.

"चुकीचं धरलंय की," त्या म्हणाल्या.

"मुद्दाम," सामंत मागून म्हणाले.

त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मी दुसरीकडे बघत राहिले. मला तिथं असं काही बघायचा हक्क नव्हता.

निघताना त्यांनी माझ्या हातात स्टीलचा डबा ठेवला. शेंगदाण्याची चटणी. "एकट्या राहता ना ताई. भाकरीशी खा." मी चटणी संपवली, डबा घासला आणि ओट्यावर पालथा घातला. माझ्या घरात बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या कोणाचं तरी भांडं आहे. येता-जाता माझं लक्ष त्याच्याकडे जातं.

आज दुकानातून खडीसाखर आणली आहे. उद्या डबा द्यायला डोंबिवलीला जाईन. आधी वाटलं होतं, डबा दिला की तिथं जायचं कारण संपेल. पण मी तो रिकामा देणार नाही, आणि शांताबाई माझं भांडं कधी रिकामं परत पाठवणार नाहीत. हे असं संपतच नाही. कुठल्या तरी फार एकट्या बाईनं ही रीत पाडली असावी.